आधी झाड, मग चुना

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्या गुरुजींनी शाळेमागच्या पडीक जागेत रोपवाटिका उभी केली आणि मुलांच्या हातून रोपे वाढवून ती गावोगाव लावली. त्यांच्या नावाने बोलायचे तर रोपाविषयीच बोलावे असे मी ठरवले. मातीची आम्लता, तिच्यावर टाकायचा चुना आणि या दोहोंमध्ये वाढणारे उष्ण प्रदेशातल्या झाडाचे रोप, हा आजचा विषय आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. आम्लता हा आपल्या पावसाळी प्रदेशातल्या मातीचा स्वभाव आहे. काही झाडांचे या स्वभावाशी जमते, काहींचे जमत नाही. चुना टाकला की ज्यांचे जमत नव्हते ती झाडे सुखावतात आणि ज्यांचे जमत होते त्यांतली काही आजारी पडतात. म्हणून चुन्याची मात्रा ठरवण्याआधी झाड ठरवायला हवे. शेतीत एका शेतात एक पीक असते, त्यामुळे हा प्रश्न फारसा पडत नाही. जंगल उभे करताना मात्र एकाच डोंगरावर आपण वीस-पंचवीस जातींची रोपे लावतो, आणि तरी ती सगळी एकाच मिश्रणाच्या पिशवीत वाढवतो.

एक खडक, दोन माती

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर फलटणला तो पाचशेच्या आसपास येतो. खाली खडक दोन्हीकडे काळा बेसॉल्टच आहे. पण फलटणकडच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात, ती विम्लधर्मी असते. महाबळेश्वरच्या पठारावर मात्र जांभा आहे आणि त्याच्यावरची तांबडी माती आम्लधर्मी आहे. एकाच खडकातून दोन टोकांच्या माती झाल्या, आणि हा फरक मुख्यतः पाण्याने केला.

पाऊस जमिनीतून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम ही द्रव्ये विरघळवून खाली नेतो. लाखो वर्षे हे चालले की मागे उरतात लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे. लोहामुळे माती तांबडी दिसते आणि उन्हावाऱ्यात घट्ट होऊन तिचा जांभा होतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडीपुरम येथे पाहिलेल्या अशा दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. आफ्रिका, ब्राझील, इंडोनेशिया अशा जिथे जिथे उष्णता आणि भरपूर पाऊस एकत्र आला, तिथे या जातीची माती आढळते. कोकणचा प्रश्न म्हणूनच सबंध उष्ण कटिबंधाचा आहे.

मातीची आम्लता आपण सामूने मोजतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ही मोजपट्टी दिली. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर विम्ल. ही पट्टी दसपटीची आहे. सामू सहावरून पाचवर आला तर आम्लता एका घराने वाढली असे दिसते, पण प्रत्यक्षात ती दहापट झालेली असते. मृदा आरोग्य पत्रिकेवर ६.० आणि ५.० हे आकडे शेजारी वाचताना एवढे लक्षात ठेवावे.

मुळाच्या टोकाशी

आम्ल मातीत रोप खुरटते तेव्हा मुख्य दोष बहुधा अॅल्युमिनियमचा असतो. हे मूलद्रव्य मातीत सगळीकडे आहे, पण एरवी ते खनिजांत बंदिस्त असते. सामू साडेपाचच्या खाली घसरू लागला की ते विरघळून मातीच्या पाण्यात येते, आणि पाचच्या खाली त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. त्याचा मार बसतो तो थेट मुळाच्या टोकावर. तिथल्या पेशींची वाढ थांबते, टोक जाड आणि तपकिरी होते, बाजूची बारीक मुळे फुटत नाहीत. वर पाने काही काळ हिरवी राहतात, म्हणून पाहणाऱ्याला काही कळत नाही. मग पावसाळा संपतो, वरची माती सुकते, आणि खोल न गेलेले मूळ ओलाव्यापर्यंत पोहोचत नाही. आपण म्हणतो, पाण्यावाचून रोप मेले. खरे तर मूळ आधीच अडवले गेले होते.

मोठ्या झाडापेक्षा रोपाला याचा जाच जास्त होतो. मोठ्या झाडाची मुळे अनेक थरांत पसरलेली असतात, एका थरात अडले तर दुसऱ्यातून भागते. रोपाचे एकच सोटमूळ असते. त्यात कॅल्शियमची एक खास अडचण आहे. झाडात वरून खाली अन्नरस वाहून नेणाऱ्या वाहिन्यांतून कॅल्शियम जवळजवळ उतरत नाही. त्यामुळे बियाच्या दळात कॅल्शियम असले तरी मुळाच्या टोकाला ते पुरेसे मिळत नाही. टोक जिथे आहे तिथल्या मातीतच ते असावे लागते. आम्ल मातीत नेमके तेच धुऊन गेलेले असते.

स्फुरदाचीही ओढाताण होते. लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे स्फुरदाला इतके घट्ट धरतात की घातलेल्या खताचा बराच भाग मुळांना मिळतच नाही. शेंगावर्गीय झाडांना आणखी एक कमतरता जाणवते. हवेतला नत्र बांधणाऱ्या मुळांवरच्या गाठींना मॉलिब्डेनम लागते. ते अगदी अल्प लागते, पण आम्ल मातीत तेही सहज मिळत नाही. खुद्द गाठी करणारे जिवाणूही फार आम्ल मातीत नीट तगत नाहीत.

चुना काय करतो ते यावरून स्पष्ट होते. चुनखडी मातीत मिसळली की तिचा कार्बोनेट भाग आम्ल मारतो, सामू चढतो, अॅल्युमिनियम पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात जाते आणि कॅल्शियम मुळाच्या टोकाशी येते. आम्ल मारणारा भाग कार्बोनेट आहे, कॅल्शियम नव्हे. म्हणूनच जिप्समने सामू चढत नाही, जरी त्यातही कॅल्शियम असते. पण जिप्सम पाण्याबरोबर खोल उतरते आणि तिथल्या अॅल्युमिनियमचा जोर कमी करते, तर चुना जिथे मिसळला तिथेच बहुतांशी राहतो. ज्याला मुळे खोल न्यायची आहेत त्याच्यासाठी हा फरक मोलाचा आहे.

चुना मागणारी झाडे

सुबाभूळ आपल्याकडच्या अनेकांना आठवत असेल. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रात तिचा मोठा प्रसार झाला. उरुळीकांचनचे मणिभाई देसाई आणि त्यांनी उभारलेल्या बाएफ संस्थेचे त्यात मोठे काम होते. चारा, सरपण आणि नत्र एका झाडातून मिळतो म्हणून लोकांनी ती उत्साहाने लावली आणि देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत ती जोमाने वाढली. ती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, तिथल्या चुनखडीच्या प्रदेशाला सरावलेली. आम्ल मातीत तिची वाढ रेंगाळते हे जगभर अनेक ठिकाणी दिसले आहे. तिचे मूळ अॅल्युमिनियमपुढे टिकत नाही आणि तिच्या गाठींचे जिवाणूही मागे हटतात. अशा मातीत चुना मिळाला की तिचा रंग बदलतो.

सागाचेही बरेचसे असेच आहे. साग कॅल्शियम भरपूर घेतो, त्याच्या पानांतही ते भरपूर असते. चांगल्या निचऱ्याची, खोल आणि उदासीनच्या जवळची जमीन त्याला मानवते. चंद्रपूर-आलापल्लीकडचा साग नावाजला गेला त्यात त्या जमिनीचा वाटा आहे. कठीण जांभ्यावर साग खुजा राहतो हे आपल्या वनाधिकाऱ्यांना शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. मध्य अमेरिकेत कोस्टा रिकाने सागाची लागवड मोठ्या प्रमाणावर केली, तेव्हा तिथल्या आम्ल जमिनींवर हाच अनुभव आला. अल्फ्रेडो अल्वाराडो आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मातीतला आम्लतेचा वाटा वाढला तशी सागाची वाढ घटलेली दिसली, आणि कॅल्शियमचा वाटा जास्त तिथे साग उंच झालेला दिसला. अशा जमिनीवर सागच लावायचा असेल तर चुन्याला पर्याय नाही, आणि तो लागवडीआधीच द्यायला हवा.

कोकणातल्या शेतकऱ्याला हे ज्ञान नव्हते असे कोणी समजू नये. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची रीत जुनी आहे. ऐन-किंजळीचे कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळायचे आणि त्या राखेत भात पेरायचे. तणाचे बी जळते हा एक फायदा झालाच, पण राख विम्लधर्मी असते आणि तिच्यात कॅल्शियम, पोटॅशियम भरपूर असते. रोपाच्या कोवळ्या मुळाला थेट तिथेच आम्लतेपासून सुटका मिळते. किनाऱ्यावर शिंपा भाजून चुना करण्याचीही रीत होती. राबापायी डोंगरावरच्या झाडांची किती कवळतोड झाली हा वेगळा आणि दुःखाचा भाग आहे, त्या रीतीचे समर्थन मी करत नाही. पण जिथे रोप तिथे थोडीशी दुरुस्ती, हा तिच्यातला शहाणपणा आपण उचलण्याजोगा आहे.

चुना न सोसणारी झाडे

ब्राझीलच्या मध्यभागी सेराडो नावाचा सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे. माती खोल, तांबडी, फार आम्ल. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी शेती-संशोधन संस्थेने आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्यांनी तिथे चुना आणि स्फुरद घालून सोयाबीन, मका पिकवून दाखवला. २००६ चे जागतिक अन्न पारितोषिक या कामासाठी एडसन लोबाटो, आलिसन पाओलिनेली आणि कॉलिन मॅक्लुंग यांना मिळाले. भुकेच्या जगात हे काम थोर आहे यात शंका नाही. पण त्याची किंमतही मोठी होती. सेराडोचा जवळजवळ अर्धा मूळ झाडोरा आज उरलेला नाही.

त्याच देशात, मूळचे भारतीय असलेले ब्राझिलिया विद्यापीठातले एम. हरिदासन दुसरा प्रश्न विचारत होते. ही माती इतकी विषारी असेल तर तिथली मूळ झाडे तिच्यात हजारो वर्षे जगली कशी? १९८२ मध्ये त्यांनी दाखवले की सेराडोतल्या काही झाडांच्या पानांत अॅल्युमिनियम भरपूर साठवलेले असते. कोरड्या पानाच्या एका किलोत १००० मिलिग्रॅमच्या वर अॅल्युमिनियम असले तर त्या झाडाला संचयी म्हणतात, आणि ही झाडे त्याच्याही बरीच पुढे होती. मग त्यांनी मिकोनिया अल्बिकान्स या झाडाची रोपे आम्ल मातीत आणि चुनखडीच्या मातीत वाढवून पाहिली. आपल्या नेहमीच्या समजुतीप्रमाणे चुनखडीच्या मातीत रोपे फोफावायला हवी होती. घडले उलटे. तिथे पाने पिवळी पडली, वाढ थांबली. तीच रोपे आम्ल मातीत हलवली तेव्हा ती सावरली. ज्याला आपण विष म्हणतो त्याच्यावाचून या झाडाचे चालत नव्हते.

या प्रयोगाशी आपला संबंध जवळचा आहे. मिकोनिया ज्या कुळातली, त्याच कुळातली आपली अंजनी. महाबळेश्वर-माथेरानच्या जंगलात जांभूळ आणि पिशाबरोबर जिची दाटी असते, जिच्या फांद्यांवर निळ्याजांभळ्या फुलांचे गुच्छ लगडतात, ती हीच. अंजनीच्या गणात आणि या कुळात अॅल्युमिनियम साठवणाऱ्या जाती पुष्कळ आहेत. लोध्रही अशाच संचयी गणातला. लोध्राची साल आणि पाने कापडाचा रंग पक्का करण्यासाठी वापरली जात, कारण त्यांतले अॅल्युमिनियम तुरटीचे काम करते. कोकण-गोव्यात ओलसर उघड्या जागी वाढणारे जांभळ्या फुलांचे मेलॅस्टोमा मलबॅथ्रिकम हे झुडूप घ्या. जपानी संशोधक वातानाबे आणि ओसाकी यांनी दाखवले की अॅल्युमिनियम दिल्यावर त्याची वाढ उलट वाढते. चहाचेही तसेच.

काजूची गोष्ट या दोन टोकांच्या मधली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो ब्राझीलमधून इकडे आणला. आम्ल, भरड, जांभ्या जमिनीत तो तगला आणि कोकण-गोव्याचा होऊन गेला. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या जाती आज घरोघरी आहेत. त्याला सेंद्रिय खत द्या, स्फुरद द्या, तो खुशाल घेतो. पण चुनखडीची जमीन त्याला मानवत नाही. ऐन, किंजळ, जांभूळ हीसुद्धा आम्ल जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली झाडे आहेत. त्यांच्या रोपांवर चुन्याची खैरात करण्याचे कारण मला दिसत नाही.

चुना जास्त झाला तर होणारे नुकसान देशावरच्या शेतकऱ्याला चांगले माहीत आहे. उसाला केवडा पडतो, संत्र्याची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी होतात. विम्ल जमिनीत लोह, जस्त, मँगनीज, बोरॉन मुळांना मिळेनासे होतात. तांबड्या मातीत लोहाचे साठे मुळात असतात, पण चुना वाजवीपेक्षा जास्त पडला की तिथेही रोपे केवड्याने पिवळी पडतात. मग लोक युरिया टाकतात. रोग एक, औषध दुसरे.

ग्रॅमचा हिशेब

आता मात्रेकडे वळू. थंड प्रदेशातल्या शेतीत सामू सातच्या जवळ आणण्याची पद्धत होती. १९७० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या यूजीन कॅम्प्रथ यांनी दाखवले की उष्ण प्रदेशातल्या मातीला हे लागू नाही. तिथे मुळांना सोसत नाही तेवढ्या अॅल्युमिनियमचा बंदोबस्त करणारा चुना पुरतो. मातीत सुटे अॅल्युमिनियम जेवढे असेल त्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट, तेही त्याच तुल्य मापात. सामू साडेपाचच्या आसपास आला की काम झाले.

हा हिशेब पिशवीवर आणू या. एका हेक्टरातली वरची पंधरा सेंटिमीटर माती सुमारे वीस लाख किलो भरते. हेक्टरी दोन टन चुनखडीची भुकटी म्हणजे किलोभर मातीला एक ग्रॅम. दीड किलोच्या पिशवीला दीड ग्रॅम, म्हणजे अगदी चिमूटभर. रोपवाटिकेत पाटीच्या मापाने मिश्रण करणारा माणूस अंदाजाने ओंजळभर टाकून मोकळा होतो आणि त्या मिश्रणाच्या पिशवीत हेक्टरी कितीतरी टनांची मात्रा होऊन बसते. त्यात चुना कोणता हेही पाहावे लागते. कळीचा चुना त्याच वजनाच्या चुनखडीच्या पावणेदोन पटींहून अधिक जोरकस असतो, पाण्याने विरवलेला सुमारे सवापट ते दीडपट. दोन्ही ताजे असताना कोवळे मूळ भाजतात. रोपांसाठी बारीक दळलेली चुनखडी किंवा मॅग्नेशियमही देणारा डोलोमाइट बरा, आणि तो पेरणीच्या काही आठवडे आधी ओल्या मातीत मिसळलेला बरा.

पिशवीबाहेर गेल्यावरची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. पिशवीत चुना, शेणखत, पोयटा यांत वाढलेले रोप दिसते देखणे. पण ते ज्या खड्ड्यात जाते त्याच्या भिंतीपलीकडे मूळची आम्ल माती असते. खड्डा भरला तिथवर मुळे धावतात, भिंतीशी थबकतात. दोन वर्षे झाड छान वाटते, तिसऱ्या वर्षी ते तिथेच असते. म्हणून ज्या डोंगरावर रोप लावायचे तिथली माती मिश्रणात असावी, म्हणजे कोणते रोप तिथे टिकणार हे रोपवाटिकेतच कळते. खड्ड्यात शेणखत आणि पालापाचोळा भरपूर द्यावा. कुजलेले सेंद्रिय द्रव्य अॅल्युमिनियमला बांधून ठेवते आणि त्याचा जोर मोडते, आणि सामू फार न हलवता हे साधते. ज्यांना चुना खरोखर हवा त्या झाडांच्या खड्ड्यात तो खोलवर मिसळावा, जोडीला जिप्सम द्यावे.

सड्यांविषयी

कोकणचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, पाहणाऱ्याला ओसाड दिसतात. मग तिथे माती आणा, चुना घाला, खड्डे खणा आणि झाडे लावा अशा योजना निघतात. पावसाळ्यात या सड्यांवर कीटकभक्षी दवबिंदू उगवतो, सीतेच्या आसवांचा निळा गालिचा पसरतो, इतर कुठेही न सापडणाऱ्या वनस्पती फुलतात. मातीत नत्र-स्फुरदाची वाण आहे म्हणून तर दवबिंदूला किडे पकडून पोट भरावे लागते. ती माती सुपीक केली तर गवत आणि तण माजेल आणि या वनस्पतींना तिथे जागा उरणार नाही. सातारा जिल्ह्यातले कास पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, ते या आम्ल, उथळ, गरीब मातीवरच्या जीवनासाठी. सड्यावर झाड नसणे ही उणीव नव्हे. तिथे चुना नको आणि खड्डेही नकोत.

आपण काय करू शकतो

२०१७ ते २०१९ या काळात राज्याने पन्नास कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला होता. अशा संकल्पामागची आस्था मला पटते. पण झाडांची संख्या आपण मोजतो तशी त्यांच्याखालची मातीही मोजली पाहिजे. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा घटक असतात. त्यांत सामू आहे, अॅल्युमिनियम नाही. त्यातून ती पत्रिका शेताची, वरकस डोंगराची नव्हे. कोकण आणि घाटमाथ्यासाठी सुट्या अॅल्युमिनियमची तपासणी व्हायला हवी आणि ती वनलागवडीच्या जागांचीही व्हायला हवी. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे महाविद्यालय आहे. आपल्या झाडांपैकी कोणते किती आम्लता सोसते याची साधी यादी तिथून निघाली तर ती प्रत्येक रोपवाटिकेच्या भिंतीवर लागेल.

तोवर वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक शाळेला करता येईल असा प्रयोग सांगतो. डोंगरावरची माती आणा. एका जातीच्या पिशव्यांच्या तीन रांगा करा. पहिलीत चुना नाही, दुसरीत किलोला एक ग्रॅम, तिसरीत दोन ग्रॅम. पाणी सारखे, सावली सारखी. पावसाळ्याअखेर प्रत्येक रांगेतली काही रोपे पिशवी फाडून धुऊन पाहा. उंची मोजाच, पण मुळे अधिक नीट पाहा. टोके पांढरी आहेत की तपकिरी, बारीक मुळांचे जाळे आहे की ठोंब, हे मुलांना स्वतः पाहू द्या. एका वर्षी साग, दुसऱ्या वर्षी अंजनी, तिसऱ्या वर्षी किंजळ. पाच-सहा वर्षांत त्या गावाकडे स्वतःची, स्वतःच्या मातीवर तपासलेली माहिती जमेल आणि ती कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या डोंगराला उपयोगी पडेल.

गुरुजींच्या शाळेत ही पहिली तीन रांगांची रोपवाटिका येत्या पावसाळ्यात सुरू व्हावी आणि तिची नोंदवही पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर मुलांनी वाचून दाखवावी, अशी माझी संयोजकांना विनंती आहे. पहिल्या वर्षाची चुनखडी आणि सामू मोजण्याचे साधन मी देईन.